समोरच्या फ्लॅटमधले रडणे

«मावशी, मी ३१ वर्षांची. माहेर डिचोली तालुक्यातले, सासर सत्तरीतले, राहतो मात्र फोंड्याला, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मुलगा पावणेचार वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची. तिच्या वेळी औषध कंपनीच्या लॅबमधली नोकरी सोडली. नवरा कुंडईला शिफ्टमध्ये कामाला. दारू नाही, आरडाओरडा नाही, चांगला माणूस. तरी त्याने घरी येऊन 'आज काय काय केलेस?' असे साधे विचारले तरी मला रडू येते, कारण सांगण्यासारखे काही नसते. दिवसभर पायांवर उभी असते आणि झालेले काहीच दिसत नाही. मुलगा मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही. मांय, म्हणजे माझी सासू, म्हणते, आम्ही चार वाढवली, कोणाला सांगत बसलो नाही. केस कापायला तीनशे रुपये मागताना माझी जीभ अडखळते. गेल्या आठवड्यात पाऊस, वीज गेलेली, आणि त्याने तांदळाचा डबा उपडा केला. मी त्याला मारले. दोनदा. समोरच्या फ्लॅटमध्येही दुपारी एक मूल रडत असते, भिंतीतून ऐकू येते, पण तिथली बाई मी अजून पाहिलेली नाही. मी परत नोकरी धरू का? की माझ्यातच काही कमी आहे?»

बाय,

तुझ्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा मागे जाऊन वाचले, ते समोरच्या फ्लॅटचे. त्याच्याकडे शेवटी येते. आधी तांदळाचा डबा.

मारलेस ते चुकले, हे माझ्याकडून ऐकायची तुला गरज नाही. मी एवढेच विचारते, वाजले किती होते? तू लिहिलेले नाहीस, पण मी पैज लावते, संध्याकाळचे साडेसहा ते सात. धाकटी कडेवर, गॅसवर कुकर, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओले आणि नवरा दुसऱ्या पाळीला. आमच्या जुन्या बायका ह्या वेळेला वचकून असत. तिन्हीसांजेला तान्ही मुले किरकिरतात, मोठी अंगावर येतात आणि आईच्या अंगात तेव्हा त्राण उरलेले नसते. दिवेलागणीला हातपाय धुवून सगळ्या पोरांना देवापुढे बसवायचे, पाढे म्हणून घ्यायचे, ह्यात भक्ती किती आणि कार्ट्यांना एका जागी डांबून ठेवायची युक्ती किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझ्या सासूबाईंचा त्यात हातखंडा होता.

म्हणून स्वभावाला बोल लावण्याआधी त्या तासाची मांडणी बदल. दुपारचे हुमण, माशांची आमटी, करताना रात्रीचेही त्याच भांड्यात होऊ दे, रात्री ते जास्तच चवदार लागते. साडेपाचनंतर गॅसवर फक्त शीत, म्हणजे भात. सहा वाजता तिघेही घराबाहेर. पाऊस कोसळत असेल तर निदान जिन्यात, खालच्या पार्किंगमध्ये, पण चार भिंतींबाहेर. आणि मुलाला अजून सांगितले नसशील तर सांग, तुला मारले ते माझे चुकले. लांबण लावू नकोस, रडू नकोस, नाहीतर तोच तुझी समजूत काढत बसेल. मी माझ्या मोठ्याला १९८९ साली न्हाणीघरात कोंडून बाहेरून कडी घातली होती. तो आता चाळिशी गाठलेला बाप्या आहे, त्याला आठवतही नाही. त्या कडीचा आवाज मला अजून येतो. तेव्हा त्याला सॉरी म्हणायचे मला सुचले नव्हते, ती पद्धतच नव्हती.

आता 'आज काय काय केलेस?' ह्या प्रश्नाचे.

केंद्र सरकारचे सांख्यिकी खाते देशभर घरोघरी माणसे पाठवून लोकांचा वेळ कशात जातो ते मोजते. त्यांचा दिवस पहाटे ४ ला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे ४ ला संपतो, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने असतात. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेलेली निघाली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. मुलांचे करणे ह्यात नाही, ते वेगळे मोजतात. पहाटे ४ ला दिवस सुरू करायची ही कल्पना कोणाची कोण जाणे, पण तिला तान्ह्या मुलाचे घर ठाऊक असावे असा माझा संशय आहे.

तू तसाच एक कागद कर. एकाच दिवसाचा, फ्रिजवर चिकटवून, जाता येता एक-दोन शब्द खरडायचे. नवऱ्याला पुरावा म्हणून दाखवायला नको, त्यातून भांडण निघते आणि भांडायला तुला वेळ नाही. तो तुझ्यासाठी. तुला दिसेल की एकाही अर्ध्या तासात एकच काम नाही. भाजी चिरायला घेतली, मुलगी उठली, तिला बदलताना पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा वाजला, पाव घेऊन येईतो मुलाने नळ सोडून ठेवला, आणि अर्धी चिरलेली भाजी दुपारी १ पर्यंत तशीच. लॅबमध्ये तू नमुना तपासत होतीस, सही करत होतीस, फाईल मिटत होतीस. इथे मिटायला फाईलच नाही. म्हणून सांगण्यासारखे काही उरत नाही, काम केले नाहीस म्हणून नव्हे.

मग दुसऱ्या रंगाचे पेन घे आणि ज्या अर्ध्या तासात कुठल्याही मोठ्या माणसाशी चार वाक्ये बोललीस त्याच्याभोवती गोल कर. फोनवरचे धरू नकोस, समोरासमोरचे. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मध्ये दोन गोल निघाले तर मला कळव, मी माझे शब्द मागे घेईन. तुझ्या घरात काम फार आहे हे खरे, पण मला खुपते ते तिथे माणसे फार कमी आहेत हे.

मांयचे बोलणे ह्याच हिशेबात बसते. ती खोटे बोलत नाही, तिने चार वाढवलीच. पण सत्तरीतल्या त्या घरात तेव्हा कोण कोण होते? पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा वाद घालू नकोस, तिच्याजवळ बसून विचार, मांय, तुम्ही विहिरीवर जायच्या तेव्हा धाकट्याला कोण घ्यायचे? ती सांगेल. आजेसासू सोप्यावर पाळण्याची दोरी ओढत असायची, मोठी नणंद नऊ वर्षांची असून कडेवर पोर घेऊन हिंडायची, शेजारची कोणीतरी मूल उचलून आपल्या घरी न्यायची आणि भरवूनच परत आणायची. सांगता सांगता ती स्वतःच थांबेल बघ. माझ्या सासूबाई अशाच थांबल्या होत्या, आणि त्यानंतर महिनाभर येऊन राहिल्या. तुझी मांय येईलच असे नाही, कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, आणि गुरे टाकून बाई कुठे निघते? पण ते वाक्य ती पुन्हा त्याच सुरात म्हणणार नाही.

आपल्या जुन्या घरांना दारापुढे बसायला सोपो असे, आपल्या किरिस्तांव शेजाऱ्यांच्या घरांना बाल्कांव. संध्याकाळी तिथे बसायचे, रस्त्यावरून जाणाऱ्याशी बोलायचे, आणि ह्या बोलण्यात अंगणातल्या पोरांवर चार-पाच जणांची नजर आपोआप असायची. कोणीही 'मूल सांभाळत' नव्हते आणि मूल सांभाळले जात होते. फ्लॅटला बाल्कनी असते, सोपो नसतो. बाल्कनीत कपडे वाळतात.

तू फोंड्यात आहेस हे तुझे नशीब. अंत्रुज महालात, म्हणजे तुझ्या ह्या फोंडा तालुक्यात, सोप्यांचा तोटा नाही, फक्त ते देवळांच्या आवारात आहेत. तुझी देवावर श्रद्धा किती हे मी विचारत नाही. नागेशीला जा. बांदोड्याला, स्कूटरवर काही मिनिटांचे काम. तिथल्या तळीत मासे आहेत, चौदा महिन्यांची मुलगी पाण्यातले मासे पाहत जितका वेळ शांत बसते तितका वेळ दुसऱ्या कशाने बसत नाही. (तिचा हात मात्र सोडू नकोस, तळीच्या पायऱ्या ओल्या असतात.) मर्दोळला, कवळ्याला पावसातही मंडपाखाली दोन मुलांना पळायला भरपूर जागा. सोमवारी मंगेशीला पालखी असते, मुलाला ताशाचा आवाज आवडेल. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, एकाच ठिकाणी जात राहा. आठवड्यातून दोनदा तीच तू, तीच मुले दिसलीत की तिसऱ्या आठवड्यात कोणी आजी तुझ्या मुलीला मांडीवर घेईलच. गोव्यात ती अजून घेते. तू नुसती दगडी पायरीवर बस आणि घे म्हण.

नवऱ्याबद्दल तू तक्रार केलेली नाहीस, म्हणून मीही करत नाही. त्याला एकच गोष्ट सांग. ह्या कामात मदत कर, त्या कामात मदत कर असे नको, सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ ते १२ दोन्ही मुले त्याची. आणि त्या वेळात तू घरात नकोस. हे महत्त्वाचे आहे. तू घरात असलीस तर मुलगी तुझ्यामागे येणार, तो 'हिची ती टोपी कुठे?' विचारणार, आणि तू मुकाट्याने उठणार. डिचोलीला आईकडे जा, बाजारात जा, नाहीतर मार्केटमध्ये बसून चहा पी. परत येशील तेव्हा मुलाचा शर्ट उलटा असेल, मुलीच्या केसांत पेज वाळलेली असेल, ओट्यावर वापरलेले प्रत्येक भांडे असेल. चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी 'काल काय काय केलेस?' असे हसत विचारलेस तर मी अडवणार नाही.

मोबाईल आणि घास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले ते असे, २ वर्षांखाली पडदा नको, पुढे ४ वर्षांपर्यंत दिवसाला १ तासाच्या वर नको, आणि कमी तेवढे बरे. तुझ्या घरी मुलाला लावलेला मोबाईल मुलगीही बघते, हे ध्यानात ठेव. पण तिन्ही जेवणांचा मोबाईल एका दिवसात बंद करायला गेलीस तर घरात रणकंदन होईल आणि तिसऱ्या दिवशी तू हरशील. एकच जेवण धर, दुपारचे. सकाळी ११ नंतर बिस्कीट नाही, कुरकुरे नाही. आपली दहा-अकराची पेज पुन्हा सुरू करायची असेल तर ती थोडी लवकर दे, की दुपारी पोटात कावळे ओरडले पाहिजेत. जमिनीवर जुने वर्तमानपत्र, दोघांना ताटे, शीत, बिनतिखटाचे थोडे हुमण, काटे काढलेले नुस्ते, आणि तूही तिथेच तुझे ताट घेऊन बस. त्याला भरवू नकोस. चार घास खाल्ले तर चार. पहिला आठवडा वाईट जाईल. तू स्वतः त्या वेळी जेवतेस की उभ्याने, उष्टे गोळा करून? मला उत्तर माहीत आहे.

तीनशे रुपयांबद्दल मला जरा राग आला, तुझा नव्हे. आपण गोव्यात राहतो आणि आपल्याच बायकांना हे सांगावे लागते. इथे कुटुंबाच्या बाबतीत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो. तुम्ही दोघे गोव्याचे, लग्नाच्या सह्या इथल्या नोंदणी कचेरीत झाल्या आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल (सहसा कोणी करत नाही, त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष जेवणावर असते), तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात आणि निम्मी तुझी असते. फ्लॅट विकायचा झाला तर तुझ्या सहीशिवाय हलत नाही. आयकर खातेसुद्धा अशा जोडप्याचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे भाडे, व्याज, दोघांत निम्मे-निम्मे वाटून धरते. दिल्लीतल्या खात्याला जे कळते ते फोंड्यातल्या स्वयंपाकघरात कळायला हरकत नसावी. तेव्हा मागायचे बंद. पगार झाला की घरखर्चाची आणि तुझी अशी ठरलेली रक्कम तुझ्या खात्यात यायला हवी, तिचा हिशेब कोणी विचारायचा नाही. त्याला हे कायदा दाखवून सांगू नकोस, चांगला माणूस आहे म्हणतेस, नुसते सांगून होईल. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ३ लाखांच्या आत असेल तर सरकारच्या गृह आधार योजनेत गृहिणीला महिना १५०० रुपये मिळतात. तुम्ही त्यात बसत नसाल, पण हे वाचणाऱ्या एखादीला उपयोग होईल.

नोकरी. धरशील, नक्की धरशील, पण रडू येते म्हणून घाईने धरू नकोस, नाहीतर तिथेही रडू येईल. सर्टिफिकेटे एका फाईलमध्ये लाव, जुन्या दोन सहकारणींना फोन करत राहा. आणि मुलाखतीला जाशील तेव्हा पाळणाघराचे विचार. २०१७ पासून कायदा असा आहे की ५० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाऊ द्यायला हवे. विचारले की समोरचा साहेब कागद चाळायला लागतो, तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते. तोवर मुलाला अंगणवाडीत घाल. ३ ते ६ वर्षांची मुले तिथे बसवतात, आणि 'तिथे कोणाची पोरे येतात' असले नखरे करू नकोस. सकाळचे काही तास त्याला दहा मुले मिळतील आणि तुला एकच मूल उरेल.

एक गोष्ट मात्र मी इथून ओळखू शकत नाही. मुलगी झोपली तरी तुला झोप येत नाही, सकाळी उठावेसेच वाटत नाही, कशातच गोडी नाही, असे दोन आठवड्यांच्या वर चालले असेल, किंवा स्वतःला वा मुलांना काही करावे असा विचार एकदाही येऊन गेला असेल, तर माझे वरचे सगळे बाजूला ठेव. नवऱ्याला त्याच दिवशी सांग आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयात जा, किंवा १४४१६ वर फोन कर, टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, रात्रीसुद्धा. ह्यात लाजण्यासारखे काही नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोव्यातल्याच एका जिल्हा इस्पितळात येणाऱ्या २७० गर्भार बायकांना घेतले होते. बाळ सहा-आठ आठवड्यांचे असताना त्यांतल्या २३ टक्के नैराश्यात होत्या, आणि सहा महिन्यांनीही त्यांतल्या निम्म्याहून जास्त बऱ्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे आपल्या प्रत्येक वाड्यावर अशी कोणी ना कोणी असते आणि घरचे म्हणतात, दृष्ट लागली.

पर्वरीच्या 'संगथ' संस्थेने पुढे एक प्रयोग केला. गर्भारपणीच उदास झालेल्या बायकांच्या घरी आसपासच्याच साध्या बायकांना शिकवून पाठवले. त्या डॉक्टर नव्हत्या, मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, बहुतेक स्वतः आया होत्या. त्यांना 'सखी' म्हणत. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, ज्यांच्या घरी सखी येत राहिली त्यांच्यात सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्या बायका जास्त निघाल्या. मला ह्याचे आश्चर्य वाटले नाही. औषध लागते तिथे औषध लागतेच, पण दुपारी ३ वाजता दाराशी एक बाई येते, बसते, मूल हातात घेते आणि विचारते, जेवलीस का? त्याचीही मात्रा असते.

आणि आता ते समोरचे दार. त्या फ्लॅटमधले मूल दुपारी रडते, म्हणजे तिथेही दुपारी एक बाई एकटी आहे. भिंतीतून तुला तिचे मूल ऐकू येते तर तिलाही तुझी ऐकू येतात. तांदळाचा डबा पडलेला बहुधा तिने ऐकला आहे. ती कारवारची असेल, बेळगावची, बिहारची असेल, मला माहीत नाही. कदाचित तिला बोलावणारी जवळची डिचोलीसुद्धा नसेल.

उद्या सकाळी पोदेर आला की नेहमीच्या पावांबरोबर चार उंडे, ते गोल पाव, जास्त घे. रिकाम्या हाताने दार वाजवायला आपल्याला जमत नाही, म्हणून. मुलगी कडेवर असू दे, मुलालाही बरोबर ने, कपडे बदलत बसू नकोस. काय बोलायचे ते ठरवून जायची गरज नाही, 'तुमचे किती महिन्यांचे?' एवढे पुरते, आणि ते हिंदीतही येते. दार उघडले नाही तर उंडे घेऊन परत ये. संध्याकाळपर्यंत ते खराब होत नाहीत, सहाला बाहेर पडशील तेव्हा पुन्हा वाजव.